नाव नसलेला पत्रा: जुन्या एमजीबीचे अनोळखी बॉडी पार्ट कसे ओळखावेत

माझी १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे इंग्रज बनावटीची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, ट्रेलरवरून आली आणि तिच्या मागोमाग व्हॅनमधून अकरा खोकी आली. आधीच्या मालकाने गाडी पूर्ण सोडवून ठेवली होती, पण काय कुठून काढलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. इंजिन, गिअरबॉक्स, दिवे, डायल ओळखायला काही अडचण आली नाही. घोडं अडलं ते पत्र्यांपाशी. सदतीस तुकडे असे निघाले की हातात घेऊन मी नुसते उलटेसुलटे करत राहिलो. काही गंजून अर्धे झालेले, काही कोरे, काहींवर तीन-तीन रंग. त्यातला एक हातभर लांबीचा, धनुष्यासारखा वाकलेला तुकडा मी पहिल्याच आठवड्यात भंगारात दिला. तो काय होता हे कळायला चार महिने लागले.

त्या चार महिन्यांत जी पद्धत हाती लागली ती इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरणं एमजीबीची आहेत, कारण तीच गाडी मी आतून-बाहेरून पाहिली आहे. पण ट्रायम्फ असो, डॅटसन असो की आपल्याकडची जुनी हेराल्ड असो, पत्रा वाचायची रीत फारशी बदलत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून टाकतो. अनोळखी तुकड्याचा आकार सगळ्यात शेवटी बघा. आकार गंजाने खाल्लेला असतो, नाहीतर कुणीतरी ठोकून बदललेला असतो. तुकडा गाडीला कसा धरलेला होता ते बघा. वेल्डचे ठिपके, बोल्टची भोकं, आटे, रबराची खूण, रंग जिथे थांबला ती रेघ, या गोष्टी बहुधा टिकून राहतात आणि ओळख तिथूनच पटते.

तुकड्याआधी गाडी ओळखा

एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि १९८० पर्यंत इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनत राहिली. एकूण पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. बॉडी स्विंडनच्या प्रेस्ड स्टील कारखान्यात दाबून, जोडून तयार होई आणि रंगून, सजून अ‍ॅबिंग्डनला येई. तिथे गाड्या पट्ट्यावरून सरकत नसत, माणसं त्या हातांनी पुढे ढकलत. या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा, त्यामुळे एखादा किरकोळ वाटणारा तुकडासुद्धा गाडीचं वजन तोलणारा असू शकतो.

अठरा वर्षांत बाहेरून गाडी तीच वाटली तरी आतले भाग बदलत गेले. १९६५ मध्ये दाराचं ओढायचं हँडल जाऊन बटण दाबायचं हँडल आलं. त्याच वर्षी छत असलेली जीटी आली. १९६७ च्या शेवटी दुसरी आवृत्ती आली आणि नव्या गिअरबॉक्ससाठी मधला बोगदा (दोन सीटमधला पत्र्याचा उंचवटा) रुंद झाला. १९७४ मध्ये अमेरिकेच्या नियमांपायी मोठे काळे रबरी बंपर आले, गाडीची उंची वाढली आणि पुढच्या आतल्या मडगार्डांचा पत्रा आठ सिलिंडरच्या व्ही-एट एमजीबीसारखा झाला. म्हणजे माझ्या गाडीसाठी रुंद बोगद्याचा तुकडा कितीही चांगल्या अवस्थेत असला तरी तो परकाच.

म्हणून पहिलं काम गाडीचा नंबर वाचणं. जीएचएन३ असं सुरू होत असेल तर जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाच्या आकाराचा गट, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी आणि ३ म्हणजे मालिका. एनच्या जागी डी असेल तर जीटी. ४ ची मालिका १९६७ च्या शेवटापासून, ५ ची १९६९ पासून. पुढे एल असेल तर गाडी डाव्या स्टिअरिंगची. अमेरिकेसाठी बनलेल्या नंतरच्या गाड्यांत यू येतो आणि त्याच्या पुढचं अक्षर वर्ष सांगतं. बॉडीचा नंबर वेगळा असतो, तोही टिपून ठेवा.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदवह्या आहेत. तिथून फी भरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय, कुठे पाठवली, हे त्यात येतं. मला वाटतं, एकही पार्ट मागवण्याआधी हा कागद हातात असावा. माझी गाडी मूळची टार्टन रेड, आणि ती पहिल्यांदा गेली डेव्हन परगण्यात. या दोन्ही गोष्टी पुढे कामाला आल्या.

धुऊ नका, घासू नका

जुना तुकडा हातात आला की वायर ब्रश घ्यायचा मोह होतो. तो आवरा. मळ, चिखल, जुनं सीलंट, रंगाचे ओघळ हाच पुरावा आहे आणि एकदा धुतला की गेला.

प्रत्येक तुकड्याला तारेने पत्र्याची नाहीतर प्लास्टिकची चकती बांधा आणि नंबर द्या. कागदी चिठ्ठी तेलात विरघळते. मग फोटो काढा: दोन्ही बाजू, चारही कडा, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून एक. उजेड बाजूने, तिरका पडू द्या. समोरून फ्लॅश मारला की वेल्डचे खळगे दिसत नाहीत. वहीत तुकड्याचा नंबर, कुठल्या खोक्यातून निघाला आणि त्या खोक्यात आणखी काय होतं हे लिहा. सोडवणारा माणूस सहसा एका कोपऱ्यातलं सामान एकाच खोक्यात टाकतो. माझ्या सहाव्या खोक्यात पुढच्या दिव्यांचे कडे, इंडिकेटर आणि पाच अनोळखी पत्रे होते. ते पाचही शेवटी गाडीच्या पुढच्या भागातलेच निघाले.

त्याच खोक्यात मला भंगारात दिलेल्या तुकड्यासारखाच दुसरा सापडला. तसाच वाकलेला, पण उलट्या अंगाने. तेव्हा प्रथम पोटात गोळा आला. एका बाजूला त्यावर वाळलेल्या चिखलाचा जाड थर होता, लालसर, आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या मातीसारखा. दुसरी बाजू जवळजवळ स्वच्छ. डेव्हनची माती अशीच लाल असते. म्हणजे तुकडा गाडीच्या पहिल्या दिवसांपासूनचा, आणि चाकाकडे तोंड करून बसणारा, कारण इतका चिखल एकाच अंगावर फक्त चाकच मारतं. त्याच्या लांब गोलाईच्या कडेवर बोटभर रुंदीची एक पट्टी मात्र चिखलाशिवाय होती. तिथे काहीतरी लागून बसलेलं असणार. एवढं कळायला ब्रश लागला नाही, आणि ब्रश मारला असता तर ते कळलंही नसतं.

कारखान्याचा की नंतर कुणी लावलेला?

पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत निम्मे पत्रे नंतरचे असू शकतात. इंग्लंडमध्ये २०१८ पर्यंत अशा गाड्यांनाही दरवर्षी एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची, तपासणी करावी लागे. ती पास व्हावी म्हणून ठिगळं मारून वेळ निभावून नेण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. तेव्हा तुकडा कुठला हे शोधण्याआधी तो कारखान्याचा आहे का हे ठरवा.

सगळ्यात पक्की खूण वेल्डची. कारखान्यात दोन पत्रे चिमट्यात धरून वीज सोडत. त्याने पाच-सहा मिलिमीटरचा गोल, उथळ खळगा पडतो, बहुधा दोन्ही बाजूंना, आणि खळगे साधारण सारख्या अंतराने एका ओळीत असतात. नंतरच्या गॅरेजमध्ये पत्र्याला भोक पाडून ते मिग वेल्डने (विजेवर तार वितळवून) भरतात. तिथे खळग्याऐवजी उंचवटा येतो, नाहीतर ग्राइंडर फिरवल्याचे चरे दिसतात. पिवळट, सोनेरी ओघळ असेल तर ते पितळी ब्रेझिंग. गॅस वेल्डिंगच्या सलग शिवणीभोवती पत्रा तापून लहरी झालेला असतो.

माझा एक मामा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आयुष्यभर पत्राकाम करत आला. त्याला मी फोटो पाठवले. एमजी ही गाडी त्याने कधी पाहिलेली नाही. तरीही एका फोटोवर त्याचा लगेच फोन आला: "अरे, ही कड कातरीने कापलीय. प्रेसमधनं आली असती तर कडेला एका अंगाला बारीक धार आली असती, सगळीकडनं सारखी. हिला मधेच तोंड बदलल्यागत दिसतंय बघ." मी भिंग घेऊन पाहिलं, तर खरंच दर इंच-दीड इंचावर कातरी उघडून पुन्हा मिटल्याची बारीक पायरी होती. तो तुकडा ठिगळाचा निघाला आणि माझी यादी एकाने कमी झाली.

साच्यात दाबलेल्या पत्र्याचे कोपरे एकसारखे गोल असतात, उठावाच्या रेघा स्वच्छ असतात, दुमडलेल्या कडेची रुंदी शेवटपर्यंत तीच राहते. हाताने ठोकलेल्यात ती कमीजास्त होते. जाडीही मोजा. त्या काळच्या गाड्यांत बाहेरचा पत्रा सहसा ०.९ मिलिमीटरच्या आसपास आणि भार घेणारा पत्रा १.२ च्या आसपास असतो. रंग खरवडून, गंज नसलेल्या जागी, मायक्रोमीटरने मोजलं तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

मग रंगाचे थर. एका कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा हळूहळू घासा, थर झाडाच्या वलयांसारखे उघडे पडतात. माझ्या गाडीच्या प्रत्येक मूळ पत्र्यावर सगळ्यात खाली प्रायमर आणि त्यावर लाल यायला हवा. मागच्या एका मडगार्डच्या तुकड्यावर लालच्या खाली फिकट पिवळा निघाला. तो दुसऱ्या कुठल्या तरी एमजीबीचा कापून आणलेला होता.

इथे एक सावधगिरी. त्या काळी दिसणारे सांधे बुजवायला शिसं वापरत. पुट्टीपेक्षा ते जड, राखाडी, चमकदार दिसतं आणि नखाने किंचित ओरखडतं. त्यावर ग्राइंडर चालवू नका, ती धूळ विषारी आहे. मास्क लावून, कानशीने किंवा तापवून काढायचं, आणि मुलं-बाळं आसपास नसताना.

लोहचुंबक जवळ ठेवाच, पण घाईने निष्कर्ष काढू नका. पुट्टीच्या जाड थरावर तो चिकटत नाही हे खरं. पण माझ्या बॉनेटलाही चिकटला नाही आणि मी ते फायबरचं समजून बाजूला ठेवलं होतं. साठच्या दशकातल्या एमजीबीचं बॉनेट कारखान्यातूनच अ‍ॅल्युमिनियमचं येई, पोलादी नंतर आलं. अ‍ॅल्युमिनियमवर लाल-तपकिरी गंज नसतो, पांढरी भुकटी आणि रंगाखाली फोड असतात.

आटे खोटं बोलत नाहीत

बोल्टने बसणाऱ्या तुकड्यात नट अडकून राहिला असेल तर तुम्ही नशीबवान. एमजीबीच्या बॉडीचे बोल्ट यूएनएफ आट्यांचे, म्हणजे इंची मापाच्या बारीक आट्यांचे आहेत. पाव इंची बोल्टला एका इंचात २८ आटे आणि डोकं ७/१६ इंची पान्याचं. ५/१६ इंची बोल्टला २४ आटे आणि अर्धा इंची पाना. तिथे १० किंवा १३ नंबरचा पाना चपखल बसला तर तो मेट्रिक बोल्ट, म्हणजे कुणीतरी नंतर घातलेला. आटे मोजायचा पिच गेज स्वस्त मिळतो. तो नसेल तर ओळखीचा पाव इंची यूएनएफ बोल्ट हाताने फिरवून बघा, दोन-तीन फेरे सहज गेला पाहिजे. जोर लावावा लागला तर थांबा.

ल्युकास या इंग्रज कंपनीच्या विजेच्या सामानावर मात्र बीए नावाचे बारीक आटे असतात, ते कारखान्याचेच. त्या सामानावर बहुधा महिना आणि वर्षही ठोकलेलं असतं. एखाद्या पत्र्यावर बीए स्क्रूचं भोक आणि रबरी ग्रोमेट (तारेभोवतीचं कडं) दिसलं तर विजेच्या तारांच्या वाटेवर शोधा. आणि ७/१६ इंची, २० आट्यांचा जाड नट वेल्ड केलेला मजबूत पत्रा दिसला तर तो सीट बेल्टचा. बेल्टच्या बोल्टचं ते ठरलेलं माप आहे.

भोकाचा आकारही बोलतो. गोल भोक जागा पक्की करतं. लांबट भोक जागा जुळवायला असतं, म्हणजे तो तुकडा बसवताना मागेपुढे करावा लागत होता: मडगार्ड, बिजागरी, कुलूप, बंपर यांच्या आसपासचा. चौकोनी भोकात पिंजऱ्यातला नट किंवा क्लिप बसते. कुठल्याच बोल्टच्या रांगेत न बसणारं एकटं भोक तुकड्याच्या एका टोकाला असेल तर ते पाणी निथळायचं, आणि ते टोक गाडीत खाली असणार. ही एक खूण मिळाली की वर-खाली कळतं.

डावा की उजवा

कॅटलॉगमधला उजवा-डावा नेहमी सीटवर बसून समोर बघणाऱ्याचा असतो. गाडीसमोर उभं राहून ठरवलंत तर चुकाल. पत्र्यावर ते ठरवायला तीन गोष्टी जुळवा: खालचं टोक कुठलं, चाकाकडची बाजू कुठली (चिखल, खडीचे टवके), आणि रंगाचा हात कुठल्या अंगावर पूर्ण बसला आहे. या तीन कळल्या की तुकडा एकाच अंगाला बसू शकतो.

पेन्सिलचा ठसा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे. शाळेत नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तेच.

तुकड्याच्या वेल्ड असलेल्या किंवा भोकं असलेल्या कडेवर पातळ ट्रेसिंग कागद ठेवा, चिकटपट्टीने दोन टोकं पक्की करा, मऊ पेन्सिलची शिशाची बाजू आडवी धरून हलक्या हाताने घासा. खळगे, भोकं, कड, सगळं कागदावर उतरतं. तुटलेल्या टोकाशी जिथे पत्रा संपतो तिथे रेघ थांबते, तीही नोंद. कागदावर तुकड्याचा नंबर आणि वर-खालचे बाण काढा. मग गाडीच्या सांगाड्यावर ज्या ज्या कडेवर शंका आहे तिथे तो कागद धरून सरकवत न्या. कारखान्यातले वेल्डचे ठिपके हाताने मारलेले आहेत, त्यामुळे त्यांच्यात बारीकसारीक फरक असतो: दोन जवळ, एक जरा लांब, एक थोडा तिरका. सांगाड्यावरून पत्रा उपटून काढलेला असेल तर तिथे त्याच क्रमाने भोकं किंवा फाटलेले गोल असतात. सहा-सात ठिपके ओळीने जुळले की त्यात योगायोग नसतो. तो तुकडा तिथलाच.

सांगाड्यावर न जुळता कागद उलटा करून जुळला तर तो दुसऱ्या अंगाचा. याच कारणासाठी मी ट्रेसिंग कागदच वापरतो, दोन्ही बाजूंनी वाचता येतो.

वाकलेल्या तुकड्याला कागद पुरत नाही. तिथे पुठ्ठा कापून गोलाईला लावा, फट राहील तिथे पुन्हा कापा, आणि तो पुठ्ठा गाडीवर फिरवा. माझा लाल चिखलाचा तुकडा असाच सापडला. त्याची गोलाई पुढच्या मडगार्डच्या आतल्या गोलाईशी वरपासून खालपर्यंत सारखी बोटभर अंतर ठेवून जुळली, चाकाच्या मागे, दाराच्या खांबाच्या पुढे. ते बोटभर अंतर म्हणजेच ती स्वच्छ पट्टी: तिथे रबर होतं. चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या पोकळीत जाऊ नये म्हणून असलेला हा आडवा पडदा. रबर कुजलं की चिखल आत साठतो, ओला राहतो, आणि एमजीबीचं पुढचं मडगार्ड खालून मागच्या कोपऱ्यात सडतं. बाहेर फोड आलेले सगळे बघतात, पण मूळ दुखणं या पडद्याच्या रबरात असतं.

कॅटलॉग आता उघडा

कारखान्याची पार्ट्सची यादी चित्रांसह मिळते, आजच्या पार्ट विक्रेत्यांच्या यादीतली चित्रंही बरीचशी त्यावरूनच आली आहेत. बरेच जण पहिल्या दिवशी कॅटलॉग उघडतात आणि आकारसाधर्म्यावरून नाव देऊन मोकळे होतात. वरच्या खुणा हातात असतील तर शोध चार-पाच चित्रांवर येतो.

चित्रात तुकड्यापेक्षा शेजाऱ्यांकडे लक्ष द्या. त्याला लागून कोणता बोल्ट, किती वायसर, रबर आहे का. आकडे तुमच्या भोकांशी जुळले पाहिजेत. मग "अमुक गाडी नंबरपर्यंत" आणि "अमुक नंबरपासून" या ओळी वाचा, सर्वांत जास्त चुका तिथे होतात. एएचएच, बीएचएच, एचझेडए अशा अक्षरांनी सुरू होणारे नंबर एमजीबीच्या सामानात सतत भेटतील. पत्र्यावर असा नंबर क्वचितच ठोकलेला असतो, पण कोऱ्या, न वापरलेल्या तुकड्यावर जुनं लेबल असेल तर ते भिजवू नका, आधी फोटो घ्या.

चकवणारे तुकडे

सिलचं प्रकरण सगळ्यांत गुंतागुंतीचं. दाराखालून जाणारा तो एक पत्रा वाटतो, पण आत आडवा छेद घेतलात तर बाहेरचा सिल, मधला उभा पडदा, आतला सिल आणि खाली कॅसल रेल अशी जोडणी असते. कॅसल रेलचा छेद किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखा, वर-खाली पायऱ्यांचा. म्हणून ते नाव. असा पन्हळीसारखा, दोन्ही कडांना ठिपके असलेला लांब तुकडा खोक्यात आला तर तो पाणी वाहायचा पन्हाळा नाही, गाडीचा कणाच आहे. आणि बाहेरचा सिल दारापुरताच नसतो. तो पुढच्या मडगार्डखाली आणि मागच्या मडगार्डखाली शिरतो. पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे, निघतं. मागचं वेल्ड केलेलं आहे. म्हणून अनेकांनी दाराएवढाच पत्रा जुन्या सडक्या सिलवरून टोपीसारखा चढवला. अशी टोपी ओळखायची खूण म्हणजे ती दोन्ही टोकांना मडगार्डच्या कडेशी येऊन थांबते आणि तिथे वेल्डची उभी शिवण असते.

बॉनेटवर मोठा फुगवटा असेल तर ते १९६७ ते १९६९ मधल्या एमजीसीचं, ज्यात सहा सिलिंडरचं उंच इंजिन होतं. त्या गाडीची पुढची ठेवण वेगळी असल्याने खालचे पत्रेही एमजीबीला बसत नाहीत.

कडेने स्क्रूची भोकं असलेला सपाट, कुठल्याच कामाचा न वाटणारा पत्रा दिसला तर झाकणाचा विचार करा. इंजिन आणि केबिनमधली भिंत उजव्या-डाव्या दोन्ही स्टिअरिंगसाठी एकच होती. पेडलच्या जागा दोन्ही बाजूंना, वापरात एक, आणि दुसरी झाकलेली. त्या झाकणाखाली गास्केटची खूण चौकटीसारखी उमटलेली असते.

गोल नळ्यांचे सुटे वाकडे तुकडे जोडीने निघाले तर ते छताचे. सुरुवातीच्या रोडस्टरला दोन प्रकारची कापडी छतं मिळत: एक घडी घालून मागे पडणारं, दुसरं पूर्ण काढून नळ्यांसकट डिकीत ठेवायचं. दुसऱ्या प्रकारात सांगाडा गाडीला कायमचा जोडलेला नसतो, त्यामुळे त्या नळ्या कुठल्याच गंजक्या पत्र्याशी जुळत नाहीत आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

चौकटीच्या आकाराचे, खालून उघडे, विचित्र भोकाभोकांनी खाल्लेले दोन सारखे तुकडे माझ्या नवव्या खोक्यात होते. इतर पत्रा कडेपासून गंजला होता, हे मधूनच चाळणी झाले होते. हे आम्लाचं काम. जुन्या एमजीबीत सीटच्या मागे फळीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, हे त्यांचे पाळणे. रबरी बंपरच्या गाड्यांत बारा व्होल्टची एकच बॅटरी आली.

दुसरी गाडी बघून या

जिथे कागद हरतो तिथे शाबूत गाडी लागते. एमजी कार क्लबचं ठाणं अ‍ॅबिंग्डनलाच, जुन्या कारखान्याच्या शेजारी आहे. मेळाव्यांना गाड्यांचे मालक बॉनेट उघडून बसलेले असतात आणि विचारलंत तर खाली वाकून बघूही देतात. मात्र आपल्याच मालिकेची, आपल्याच वर्षाच्या आसपासची आणि शक्यतो न सोडवलेली गाडी शोधा. झगमगीत, नव्याने घडवलेली गाडी संदर्भ म्हणून कमी कामाची. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची पूर्ण नवी बॉडी बनवते. अशा बॉडीवरची गाडी सुंदर असते, पण तिचे वेल्ड १९६६ चे नसतात.

जाताना तुकडा नेऊ नका, ठसा आणि पुठ्ठा न्या. खिशात टॉर्च आणि छोटा आरसा. हात लावण्याआधी मालकाला विचारा.

कापण्याआधी

नाव पटलं तरी लगेच जुना पत्रा कापू नका. ओळखलेले सगळे तुकडे क्लॅम्पने सांगाड्यावर सैल लावा, दारं लटकवा, फटी बघा. रोडस्टरला छत नाही, त्यामुळे सिल कापला की बॉडी मधून वाकू शकते. आधी दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड करून किंवा बोल्टने पक्की करून आधार द्या, मग कातरी. आणि ज्याचं नाव अजून पटलेलं नाही असा तुकडा शेवटचा रंग होईपर्यंत भंगारात जाऊ देऊ नका.

भंगारात गेलेला माझा डावा पडदा परत आला नाही. नवा बाजारात मिळाला, पण त्याची गोलाई किंचित वेगळी होती आणि जुन्याच्या रबराची खूण आता कुठे होती? मग उजव्या पडद्याचा ठसा उलटा करून डाव्या बाजूला चिकटवला, भोकांची जागा त्यावरून घेतली, आणि कड हातोडीने थोडी थोडी आत घेत गेलो. पाचव्या वेळी मडगार्ड चढवलं. रात्री गॅरेजचा दिवा बंद केला, चाकाच्या बाजूने टॉर्च आत धरला, आणि दुसऱ्या बाजूने दाराच्या खांबापाशी डोळा लावून बघितलं. वरच्या वळणाशी केसाएवढी एक उजेडाची रेघ होती. रबर तिथे दोन मिलिमीटर पुढे ओढलं, आणि पुन्हा बघितलं तर आत पूर्ण अंधार होता.